सोळा घरांचा पट

चौथ्यांदा आकडेमोड करूनही प्राध्यापक श्यामसुंदर कर्णिकांना चूक सापडली नाही. ती सापडायलाच हवी होती. नाहीतर सव्वीस वर्षं पाण्यात.

एका विज्ञान नियतकालिकाने हा शोधनिबंध त्यांच्याकडे अभिप्रायासाठी पाठवला होता. काही पदार्थांतून वीज जराही न अडखळता वाहते, आणि त्यासाठी त्यांना अशा इतर पदार्थांइतक्या कडाक्याच्या थंडीची गरजही पडत नाही. हे कसं होतं ते सांगणारं गणित ‘कर्णिक मॉडेल’ म्हणून ओळखलं जाई. बुद्धिबळासारखा पट आणि त्याच्या घरांतून उड्या मारणारे इलेक्ट्रॉन. सोळा घरांच्या पटावर त्यांच्या सुरेख जोड्या जमत. जोड्या जमल्या की वीज सुसाट! सव्वीस वर्षांपूर्वी कर्णिकांच्या कॉम्प्युटरला सोळाच घरं झेपायची. या निबंधाने एकशे चव्वेचाळीस घरं घेतली होती, आणि जोड्या जमतच नव्हत्या.

अभिप्राय कुणी दिला हे लेखकाला कळत नाही. ‘पद्धत भरवशाची वाटत नाही, नाकारावा’ एवढं लिहिलं की काम फत्ते. कर्णिकांनी ते लिहिलंही. मग खोडलं. माणूस अगदीच काही वाईट नव्हता.

“अहो, आज तरी टेबल मोकळं करा,” सुनंदाबाई म्हणाल्या. मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत तीन दिवस दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवत होती. “एवढा कुणाचा पेपर आहे?”

“ते सांगायचं नसतं.”

“मलाही? मी काय सोसायटीत नोटीस लावणार आहे?”

कर्णिकांनी पाचव्यांदा सुरुवात केली. या खेपेला आकडे बाजूला ठेवून नुसतं वाचत गेले. पहिल्याच पानावरच्या एका वाक्यापाशी ते थांबले. त्यांना फार वाईट वाटलं. मग जरा हलकं वाटलं.

“सापडली का एकदाची चूक?” सुनंदाबाईंनी विचारलं.

“सापडली.”

त्यांनी अभिप्राय लिहायला घेतला.

‘गणित निर्दोष आहे. निबंध जरूर छापावा. फक्त एक दुरुस्ती. हा निष्कर्ष यंदा प्रथमच हाती आला, असं पहिल्या पानावर म्हटलं आहे. ते खरं नाही. याच लेखकाने २०११ साली छत्तीस घरं घेऊन तो काढला होता आणि मला आणून दाखवला होता. तेव्हा तो माझा विद्यार्थी होता. मी त्याला विषय बदलायला लावला.’