तिघांचं रक्त

"गाठीच्या तुकड्याची काचपट्टी तपासणीत तपकिरी रंगली," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे तुमच्या वडिलांच्या गाठीत कॅल्सिटोनिन नावाचं प्रथिन आहे. त्यावरून गाठ कुठल्या पेशींची ते कळलं. आणि ती वारशाने आलेली आहे, हे रक्ताच्या तपासणीत पक्कं झालंय. तुम्ही भावंडं किती?"

"तिघं," ताई म्हणाली. "मी थोरली. पाठीवर दोन भाऊ."

"मग तिघांचंही रक्त तपासू. कुणात दोष निघालाच तर गाठ व्हायच्या आधी गळ्यातली थायरॉइड ग्रंथी काढता येते."

ताईने शब्दन् शब्द वहीत उतरवला. बाबांच्या मानेला गाठ हाताला लागली तेव्हापासून दोन महिने सगळी धावपळ तिचीच होती. फाइल तिच्याकडे, औषधांच्या वेळा तिच्या तोंडपाठ. रडायला सवड नव्हती. आता सवड होती, तर रडू येत नव्हतं. दात काढण्याआधी गाल बधिर करतात, तसं सगळं झालं होतं.

दोन दिवसांनी तिघं रक्त द्यायला आली. नको म्हटलं तरी आईही आली. धाकटा सुईला भितो, म्हणून मधला त्याच्याबरोबर आत गेला. बाहेर बाकावर मायलेकी उरल्या.

"माझ्यात निघणार बघ," ताई म्हणाली. "नाक बाबांचं, राग बाबांचा. हेच तेवढं कसं सुटेल?"

आई हसली नाही. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"तू नको देऊस रक्त."

"अगं, नुसती तपासणी आहे. आधी कळलेलं बरं."

"तुझ्यात नाही निघणार." आई समोरच्या भिंतीकडे बघत होती. "तुला घरी आणलं तेव्हा तू अकरा दिवसांची होतीस. कधी बोलायचं नाही, अशी ह्यांनी शपथ घातली होती मला. पण तुझ्या जिवाला उगाच घोर कशाला?"

समोरून एक रिकामी चाकाची खुर्ची गेली. तिचं एक चाक कुरकुरत होतं. ते वळणाआड जाईपर्यंत ताई ऐकत राहिली. बेचाळीस वर्षं. रडू आताही आलं नाही. वाचले बाई, असंही वाटलं नाही.

दोघे भाऊ कोपरात कापूस दाबून बाहेर आले. धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पुढचं कोण?" आतून नर्सने विचारलं.

आईने ताईचं मनगट धरलं. ताईने ते हळूच सोडवून घेतलं, आत गेली आणि खुर्चीत बसली.

नर्सने फॉर्म ओढला. "पेशंटशी नातं?"

"थोरली मुलगी," ताई म्हणाली आणि हात पुढे केला.