उंचावरचं गाणं

गायक देवमनने त्या साली नवी शक्कल काढली. शिरपूरच्या जत्रेत त्याने जानरावचा हाताने फिरवायचा रहाटपाळणा एका संध्याकाळपुरता ठरवला आणि पत्र्याचा भोंगा घेऊन स्वतः वर बसला. त्याने फिरता फिरता गायचं आणि बायकोने, भागिरथाने, खाली ढोलकीवर कोरस धरायचा, असं ठरलं. दोन गाणी झाली, आणि देवमन अगदी टोकावर असताना पाळणा थांबला.

उंचीची त्याला भारी भीती. खाली नजर गेली तसं त्याचं डोकं गरगरलं. भोंगा तोंडाला लावून तो ओरडला, “घ्या रे बाप्पा, खाली मले, पाय लटलट कापून राह्यले!”

लोक खदखदून हसले. भागिरथाने तीच ओळ उचलली. मग देवमन श्वासही न घेता ओळीला ओळ जोडत सुटला, “वरून दिसते कारंजा गाव, पाळना फिरवा, जानराव!” अर्धा तास जत्रा टाळ्या पिटत राहिली.

तो उतरला तेव्हा जऊळक्याच्या मंडळींनी जागच्या जागी पुढचा कार्यक्रम ठरवून टाकला. देवमन मात्र तणतणत जानरावकडे गेला. “काहून थांबवला पाळना?”

जानरावने भागिरथाकडे बोट दाखवलं.

ती ढोलकी आवळत म्हणाली, “लोक उठून चालले होते. मंग मीच सांगतलं थांबवाले. लग्नात माह्या बापाले घाबरत घाबरत तुमी उखाना घेतला, तवाच मले समजलं, भेव वाटलं का तुमाले लय झकास सुचते.”