न बसणारं नाव

विनिफ्रेडबाईंचा जन्म श्रूजबरीच्या शाळेत स्ट्रॅटफर्डच्या त्या थोर इंग्रज नाटककाराची नाटकं शिकवण्यात गेला. शनिवारच्या पेपरात त्याच नाटकांवर बेतलेलं आडवळणी शब्दकोडं आलं, तेव्हा त्यांच्या दोघी मुली, हिलरी आणि ब्रिजेट, ते घेऊन हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी बसल्या. आईची वाचा जवळजवळ गेली होती. कोडं ऐकून निदान डोळे तरी उघडेल, असं ब्रिजेटला वाटत होतं.

हिलरीनं मोठ्यानं वाचलं, "'घरातून हाकलला, वादळ शमल्यावर परतला.' सांग बघू आई, कोण?"

आईचे ओठ हलले. "डेझमंड."

नाटकांत या नावाचं कुणी नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. डेझमंड त्यांचा धाकटा भाऊ. वडिलांच्या अंत्यविधीच्या दिवशी भांडून निघून गेलेला. आईच्या दुखण्याचं त्याला कळवायचं नाही, असं दोघींनी मिळून ठरवलं होतं.

ब्रिजेटनं बहिणीकडे पाहिलं. हिलरीनं पेन्सिलीच्या टोकानं चौकोन मोजले. "नाही बसत गं, आई."

"बघ ना... बसव कुठेतरी," आई म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

संध्याकाळी ती गेली. मग ब्रिजेटनं फोन लावला.

डेझमंडनं विचारलं, "माझं नाव काढलं होतं का गं तिनं?"

हो म्हणावं, तर पुढचं सगळंच सांगावं लागणार होतं.

"नाही रे," ब्रिजेट म्हणाली. "शेवटपर्यंत कोडंच सोडवत होती."