विमान कुणाचं ऐकतं

खोलीचं दार लोटलेलं होतं. गोपाळरावांनी जेवायच्या आधी कडी लावली होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं.

टेबलावरचं विमान जागेवर होतं. लकडगंजच्या आरागिरणीतून आणलेल्या हलक्या पट्ट्या, त्यांवर थर्माकोल, वरून पिवळा टेप. आजवर त्यांनी दुसऱ्यांच्या नकाशांवरून विमानं केली होती. हे पहिलंच, ज्याची रेघन् रेघ त्यांची होती. फक्त पोटाखालचं झाकण उलटं बसलं होतं.

"गुंजन, माह्या खोलीत कोण गेलं होतं वं?"

सून छोट्या नातीला, चिन्मयीला, वरणभात भरवत होती. "मीच गेली होती, बाबा. झाडू माराले."

"झाडू माराले झाकण कायले उघडा लागते?"

"म्या नाही उघडलं." तिनं मान वर केली नाही. "आ कर वं चिऊ. हा घास पाहा कसा उडत आला."

 गोपाळरावांनी चहाचा कप उचलला. थोडा चहा बशीत सांडला. हात कापायला लागल्यापासून रोजच सांडत असे. पण तो कपापुरता. दिवाळीपासून डॉक्टरनं गोळी बदलली आणि विमानाचा रिमोट, तो दोन दांड्यांचा सेट, हातात आला की हात गप्प होत. निदान विमान तरी वर सरळ चाले. त्याआधी एक विमान मैदानाकाठच्या गाडीच्या काचेवर जाऊन आदळलं होतं आणि मुलगा अंकित बोलला होता, "बाबा, आता एकदा पडलं ना, तर बस. खोली खाली करू. चिऊले द्यायची आहे."

नाव चिऊचं, पण खोली सुनेला हवी होती, हे गोपाळरावांना वेगळं सांगायला नको होतं.

गुंजनचं हल्ली काही खरं नव्हतं. दर आठवड्याला माहेरी, जरीपटक्याला, म्हणून जायची आणि परत यायची तेव्हा सलवारीला कुसळं चिकटलेली असायची. जरीपटक्याच्या बाजारात कुठलं आलं गवत? मधेच विचारायची, "बाबा, वारा मागून आला तर उतरवता कसं?" आधी त्यांना बरं वाटलं होतं. सगळं नीट समजावून सांगितलं होतं.

मग दिवाळीच्या तोंडावर विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबातल्या अश्विननं त्यांचा सेट "साफ करून देतो काका" म्हणून नेला.  साफ करायला तो मळला होता कुठे?

आणि परवा गच्चीवर वाळवण काढताना ती फोनवर हळूच बोलत होती. "नाही अश्विनभाऊ, बाबांले बिलकुल समजू द्यायचं नाही. एकदा वर गेलं का, मंग पुढचं मी पाहून घेते."

पुढचं म्हणजे काय, ते गोपाळराव ताडून बसले होते.

रविवारी मैदानावर निघायच्या आधी त्यांनी खोलीला आतून कडी लावली. घरात बॅटरी जोडायची नाही, हा त्यांचा नियम. विमानाच्या नाकावरचा पंखा अचानक फिरला तर बोट जातं, त्यात घरात लेकरू. आज त्यांनी पंखाच काढून ठेवला, बॅटरी जोडली, सेट चालू केला आणि दांडी हलवली.

शेपूट हलली नाही.

पुन्हा हलवली. विमान गप्प.

 विमानातला रिसीव्हर एकाच सेटचं ऐकतो, ज्याच्याशी जोडी लावली त्याचं. त्यांनी स्वतः लावलेली जोडी कुणीतरी तोडली होती आणि विमान दुसऱ्याच सेटला बांधून ठेवलं होतं; त्यांचा सेट नुसता त्याच्या मागे जोडलेला, तो दुसरा चालू असेल आणि चालू देईल तोवरच चालणारा. ऐन आभाळात दुसरं कुणी ते खाली आणेल, अंकित बघत असेल आणि नाव होईल म्हाताऱ्याच्या हातांचं.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. सेटमधलं जे जे बदललं होतं, ते जागेवर आणलं. रिसीव्हरचं बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकला, मग स्थिर झाला. दांडी हलवली, शेपूट हलली.

"आता पाह्यतो," ते पुटपुटले आणि झाकण सरळ बसवलं.

शहराबाहेर, खाप्याकडच्या मैदानावर वारा बरा होता. गुंजन नेहमीसारखी मागे, गाडीच्या उघड्या डिकीशी थांबली. ती कधीच जवळ येत नसे. अंकित चिन्मयीला कडेवर घेऊन शेजारी उभा राहिला.

"बाबा, अजून विचार करा. नवं आहे. राहू द्या ना."

"पडलं तं खोलीची चावी तुह्या हातात देईन. झालं?"

"मी मजाक नाही करून राहिलो."

"मी तरी कुठं करून राहिलो गा?"

त्यांनी मागे वळून पाहिलं. अश्विन सुनेच्या कानाशी काहीतरी बोलत होता. तिनं मान हलवली, ओढणी पुढे ओढून घेतली. पाहा म्हणावं आता, गोपाळराव मनात हसले. आज ते फक्त माझं ऐकते.

विमान गवतावरून धावलं, उचललं, वर गेलं. चिन्मयीनं टाळ्या वाजवल्या. त्यांनी पहिलं वळण घेतलं आणि डावा पंख झोल खाऊन खाली गेला. सावरायला गेले तर उजवा गेला. नाक वर झालं, खाली झालं, पुन्हा वर. असं तर कधीच होत नसे. वारा वाढला नव्हता. नकाशा चुकला नव्हता. त्यांनी दांड्या घट्ट धरल्या, तर विमान आणखीच हेलकावू लागलं.

"बाबा!" अंकित ओरडला.

गवतातून धावणारी पावलं आली. गुंजन होती. ओढणी गळून पडली होती आणि तिच्या दोन्ही हातांत दुसरा सेट होता, चालू, तिचे डोळे आभाळात, अंगठे दांड्यांवर.

"बाबा," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "दिवाळीपासून दर खेपेला तं ऐकते, आज हे माह्यं काहून ऐकून नाही राहिलं?"