नाल्यापासून नाक्यापर्यंत

नाल्याचा पूल ओलांडला आणि मागून पावलं सुरू झाली.

रश्मीनं मान वळवली नाही. तिचे कॅनव्हासचे बूट डांबरावर ठपठप वाजत होते. मागची पावलं अनवाणी होती. दवानं ओल्या रस्त्यावर तळवा टेकल्याचा मऊ आवाज, तिच्या चालीशी जुळवून घेतलेला. ती भरभर चालली की तोही भरभर. घट बसल्यापासून रोज हेच. पूल ते वनखात्याचा नाका, एवढाच जंगलाचा पट्टा. नाक्यानंतर दोन्ही बाजूंना धानाची शेतं लागली की मागं काही नसे, आणि ती परतायची तेव्हा ऊन चढून रस्ता वाहता झालेला असे.

पहिल्या दिवशी तिनं स्वतःला समजावलं होतं. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात ती जीवशास्त्र शिकली होती. उपाशी पोटी एवढं चाललं की रक्तातली साखर उतरते, कान वाजू लागतात. दुसऱ्या दिवशी निघण्याआधी तिनं लिंबू-साखरेचं पाणी भरपूर पिऊन पाहिलं. पावलं आलीच. शिवाय वाजणारे कान नाका पाहून थांबत नाहीत.

वनरक्षकाच्या भरतीत मुलींना सोळा किलोमीटर चालून दाखवावं लागतं. भरती दिवाळीनंतर होती. आई म्हणे, उपास तरी सोड, नाहीतर हे चालणं तरी. रश्मी दोन्ही सोडायला तयार नव्हती. चालणं तिचं होतं. उपास करिष्माचा होता.

मागच्या नवरात्रात दोघी याच रस्त्यानं चालायच्या. करिष्मानं कडक उपास धरला होता, पायात चप्पलसुद्धा नाही. बूट घालून कोणीही चालते, असं रश्मीला चिडवायची. पाचव्या माळेला मात्र ती मागं पडली. थांब न वं थोडी, म्हणाली. रश्मीनं घड्याळाकडे पाहिलं. "तू ये हळूहळू," म्हणाली आणि चालत राहिली. जरा वेळानं मागचा आवाज थांबला. ओरडणं नाही, झटापट नाही. ती वळली तेव्हा रस्त्यावर पाण्याची बाटली आडवी पडली होती आणि तिच्यातून अजून पाणी वाहत होतं.

पंचनाम्याला आलेली माणसं आपसात बोलली, दबा धरलेला वाघ पुढच्याला जाऊ देतो, शेवटच्याला उचलतो. ते रश्मीनं ऐकलं. शेजारी करिष्माची आई गुणाबाई उभी होती, तिनंही ऐकलं. गुणाबाईचं घर गावाच्या टोकाला, नाल्याच्या अलीकडे. त्या दिवसापासून ती रश्मीशी बोलली नव्हती. रश्मी त्या घरावरून जायची तेव्हा दार लोटलेलं असे.

करिष्माला नेणारी वाघीण पुढे वनखात्यानं पकडून नेली. तिची जागा रिकामी राहिली असेल असं मात्र गावात कोणी म्हणत नव्हतं. पुलापाशी शेजारच्या गावच्या मुली सोबतीला येतात, असं रश्मीनं घरी सांगून ठेवलं होतं. कोणी येत नसे.

वळून पाहायचं तिचं धैर्य होत नव्हतं. मागं कोणी नसलं तर, ही एक भीती. करिष्मा असली तर, ही दुसरी. आणि या दोन्हींच्या खाली आणखी एक होतं, त्याला ती भीती म्हणत नव्हती. पावलं वाजताहेत तोवर करिष्मा अजून वाटेत आहे. ये हळूहळू, म्हटलं होतं. ती येते आहे.

आज पुन्हा पाचवी माळ होती. बाटली पडली होती ती जागा जवळ आली. बांबूचं तेच बेट, तोच किलोमीटरचा दगड. रश्मीच्या डोळ्यांपुढं अंधारलं. ती दगडावर बसली. मागची पावलं थांबली नाहीत. जवळ आली, आणखी जवळ. तिनं डोळे घट्ट मिटले.

"थांबली मी," ती म्हणाली. "करिष्मा, थांबली वं मी."

"ऊठ. इथी बसू नोको."

आवाज करिष्माचा नव्हता. रश्मीनं डोळे उघडले. समोर दोन अनवाणी पाय होते. टाचा भेगाळलेल्या, बोटांना चिखल, एका अंगठ्याचं नख फुटलेलं. वर पाहिलं तर हातात काठी घेऊन गुणाबाई.

तिनं पदराच्या गाठीतून शेंगदाण्याचा लाडू काढला आणि रश्मीच्या हातावर ठेवला. उपासाला चालतो, म्हणाली. तिचाही उपासच होता. पोरीच्या राह्यलेल्या माळा कोणीतरी पुऱ्या करा लागतात न, म्हणाली. इतक्या महिन्यांनी बोलत होती, आणि काल संध्याकाळीच अंगणात भेटल्यासारखी बोलत होती.

रश्मीनं लाडूचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

"रोज तुम्हीच होत्या, मावशी?"

"मागच्यालेच नेते म्हणे तो. मंग तुह्या मागं कोणी पाह्यजे का नाई?"

रश्मीच्या डोक्यात हिशेब फिरला. नाक्याशी पावलं थांबत. म्हणजे तिथून गुणाबाई मागं फिरत होती. हाच पट्टा, हेच बांबूचं बेट, आणि ती एकटी.

"आन् परत जाताना?" तिनं विचारलं. "तुमच्या मागं कोण रायते?"

गुणाबाईनं वळून आल्या रस्त्याकडे पाहिलं. घाबरून नव्हे, बाजारातून परतताना मागं रेंगाळलेल्या पोरीसाठी आई जशी थांबते, तशी ती क्षणभर थांबली.

"करिष्मा असते न," ती म्हणाली. "तिले दुसऱ्यांदा थोडीच नेते तो."