तिसरं पाकीट

"घाबरताय कशाला? कंत्राट आपल्यालाच मिळणार, बघा तुम्ही," बायको कानाशी पुटपुटली. "मी दर चांगला खाली आणलाय."

लाँड्रीवाला गर्रकन तिच्याकडे वळला. "खाली? अगं, मी चढा लिहायला सांगितला होता ना!"

"अंगात ताप होता तुमच्या. म्हटलं, काहीतरी बरळताय. एवढा दर कोण देणार आपल्याला?"

इस्पितळाच्या चादरी धुवायचं कंत्राट. टेबलावर तीन लाँड्र्यांची तीन बंद पाकिटं, आणि साहेब पहिलं फोडत होते. आता हिला काय सांगणार, कपाळ! चादरी कुणी धुवायच्या ते दरवर्षी जाड्या शेठच्या गोदामात आधीच ठरतं, बाकीचे दोघे मुद्दाम चढा दर लिहून हरतात, आणि यंदा पाळी होती खुद्द शेठची. हे त्याने बायकोला कधी सांगितलंच नव्हतं. लाज वाटायची, दुसरं काय!

मागे एकाने असाच कमी दर भरला होता. महिन्याभरात त्याला कुणी साबण विकेना, कामगार फुटले, आणि एका पहाटे त्याची गाडी पेटली. कुणी पेटवली, ते कुणी विचारलंसुद्धा नाही. तोच माणूस आता शेठची बॅग घेऊन दाराजवळच्या बाकावर बसला होता.

लाँड्रीवाला धडपडत उठला. "साहेब, माझं पाकीट परत मिळेल का? जरा चूक झालीय."

"टेबलावर आलं ते आलं. बसा खाली."

पुढच्या खुर्चीतल्या शेठने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. लाँड्रीवाला खाली बसला.

पहिला दर शेठचा. दुसरा त्याहून चढा, ठरल्याप्रमाणे. साहेबांनी तिसरं पाकीट फोडलं, चष्मा सारखा केला आणि आकडा पुन्हा एकदा वाचला.

"अरे वा! एवढा कमी दर इतक्या वर्षांत कुणी दिला नव्हता. अभिनंदन!"

"बघा, म्हटलं नव्हतं मी?" बायकोने आनंदाने त्याचा हात धरला. "अगंबाई, केवढा गार पडलाय हात!"

शेठ उठून त्यांच्यापाशी आला आणि तिला हसून नमस्कार केला. "छान केलंत, वहिनी. आता यांच्या तब्येतीला जपा."

दाराजवळच्या माणसाने शेठची बॅग मांडीवर घेतली आणि तो बाकावर थोडा सरकला. शेजारी एका माणसापुरती जागा झाली.