टाकाचा लिलाव

मोनानं बोली लावली होती. मधुवंतीनं फोन झटकन पालथा घातला आणि पदराला हात पुसत देव्हाऱ्याकडं बघितलं. टाकांच्या ओळीत शेवटची जागा रिकामी होती. ती मोनाची.

मोना म्हणजे यशराजची पहिली बायको. आजारपणात वारली, असं मधुवंतीला लग्नाआधीच सांगितलं होतं. सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, तिच्या नावानं चांदीच्या पत्र्यावर बाईची आकृती ठोकून घेतली आणि तो टाक देवांत बसवला. तोच टाक मधुवंतीनं काल लिलावात काढला होता.

लिलावाचा धंदा तिनं घरातच मांडला होता. माळ्यावरची पितळी भांडी उतरवायची, चिंच-मिठानं लख्ख घासायची, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून फोटो काढायचा आणि ॲपवर चढवायचा. ज्या फुटक्या घंगाळाकडं कोल्हापुरात शिवाजी पेठेत कुणी ढुंकून बघितलं नसतं, त्यासाठी पुण्या-बेंगळुरूची माणसं इरेला पेटायची. कशाला, तर म्हणे दिवाणखान्यात झाड लावायला! मधुवंतीला हसू यायचं. या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

बाकी सगळं मोनाचं. नवी साडी आधी मोनाला दाखवायची, मग नेसायची. गोडधोड आधी मोनापुढं ठेवायचं, मग आपण खायचं. दूध नासलं की मोना रुसली. यशराजची गाडी घसरली की मोनाचं काहीतरी करायचं राहिलं. गेल्या श्रावणात मधुवंतीच्या पोटातलं बाळ गेलं. तेव्हा डोक्यावरून हात फिरवायचं राहिलं बाजूला, अक्का म्हणाल्या, "निवद चुकला असंल तिचा." त्या दिवसापासून मधुवंती मोनाला भ्यायला लागली. भिऊन भिऊन शेवटी तिला त्या भीतीचाच राग आला.

यशराजपुढं मोनाचं नाव काढलं की तो ताटावरून उठायचा. केवढं हे दुःख, असं तिला वाटायचं. शेजारणींना विचारलं तर त्या विषय बदलायच्या. त्यांनाही भीती वाटत असेल, असं तिनं धरून चाललं. माहेर पार लातूरकडं. मन मोकळं करायचं तरी कुणापाशी?

म्हणून तिनं टाक उचलला. अक्कांची नजर अधू झालेली, त्या लांबूनच हात जोडायच्या. रांगोळीनं घासल्यावर टाकाच्या मागं कोरलेलं नाव उजळलं, 'मोना'. गिऱ्हाइकाला वस्तूची मागची बाजूही बघायची असते. तिनं दोन्ही फोटो टाकले. मोना जाऊ दे लांब कुठंतरी, कुणाच्या तरी काचेच्या कपाटात.

आणि आता ही मोनाच्याच नावाची बोली. फोन पुन्हा वाजला. पुण्याच्या कुणी आकडा वाढवला की त्याच्यावर लगेच मोना चढत होती. खात्याला फोटो नव्हता, नुसता करडा गोल. कुणीतरी टवाळी करतंय, मधुवंतीनं मनाला समजावलं. तेवढ्यात निरोप आला.

'माझा टाक हाय त्यो. दुसऱ्या कुणाला दिऊ नगा.'

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. लिलाव बंद करायचंही तिला सुचलं नाही. देव्हाऱ्यापुढं बसून तिनं नाक घासलं, चुकले म्हणाली, त्या रिकाम्या जागेवर साखर ठेवली. लिलाव मोनानंच जिंकला. पार्सलसाठी मधुवंतीनं पत्ता विचारला.

'पार्सल नगं. मीच येते. घर ठावं हाय मला.'

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला बेल वाजली. दारात एक बाई उभी होती. हातात हेल्मेट, उन्हानं रापलेला चेहरा, कपाळावर आलेली एक पांढरी बट. मधुवंतीनं आधी तिच्या पायांकडं बघितलं. सरळ होते.

"पाय काय बघतीयास? माणूसच हाय की!" बाई म्हणाली.

"तुम्ही त्यांच्या... बहीण का?"

"मीच मोना. कागलला असते. पतसंस्थेत नोकरी करते."

मधुवंतीनं दाराची चौकट धरली. मग आत जाऊन तिनं टाक आणला. मोनानं तो तळहातावर घेतला, उलटा केला आणि आपलं नाव वाचलं. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

"ह्या घरात जीव घुसमटला माझा, म्हणून सोडचिठ्ठी घेतली. निघताना अक्का म्हणल्या, उंबरा ओलांडलास तर आमच्या लेखी मेलीस. मला वाटलं, रागाच्या भरात बोलत्यात. मागल्या महिन्यात ॲपवर माझ्या आंदणातली समई दिसली. तवापासनं तुझं सगळं बघत होते. तर ह्यो टाक! खरंच मारून ठेवलं की गं मला."

मधुवंतीला तिच्यापुढं ठेवलेले सगळे निवद आठवले. तो श्रावण आठवला. म्हणजे तिचं बाळ मोनाच्या कोपानं गेलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या चुकीनंही नव्हतं. तिला हुंदका आवरेना. मोनानं हेल्मेट खाली ठेवलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"कोण आलंय गं?" आतून अक्कांनी हाक दिली.

मधुवंतीनं डोळे पुसले आणि दार सताड उघडलं.

"मोनाताई आल्यात, अक्का. आज त्यांचा निवद त्यांना पाटावर बसवून वाढते."